हजारात तीन

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी नऊनंतर वरच्या टाकीचं पाणी थेट अंगावर घेणं हे रायपुरात धाडसाचं काम आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की आमच्याकडे नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत गार आणि गरम पाण्याच्या नळांत फरक उरतो तो फक्त निळ्या-लाल टिकलीचा. शहाणी माणसं पहाटे बादल्या भरून ठेवतात आणि त्या निवल्या की आंघोळ करतात. मी शहाणा नसल्यामुळे एका सकाळी 'आई गं' करत न्हाणीघरातून बाहेर आलो. हॉलमध्ये बसलेला माझा मेहुणा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "भाऊजी, तसंच बसून राहायचं होतं. पाऊण तास. फुकटात काम झालं असतं."

'काम' कुठलं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. म्हणजे असं आम्हाला वाटत होतं.

झालं होतं ते एवढंच. डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या गोळ्या बंद केल्या होत्या. दोन सिझेरियन होऊन गेलेली, डोकेदुखी मागे लागलेली, वय चाळिशीला टेकलेलं. घरी येऊन तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पंधरा वर्षं मी बघितलं. आता तुमचं तुम्ही बघा."

पुरुषाला 'बघा' म्हटलं की तो खरोखरच बघायला लागतो. फ्रिज घ्यायचा असला तरी आम्ही तीन महिने बघतो. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून हिशेब लिहायला छत्तीसगडात आले असं घरात सांगतात. लढाई दुसऱ्यानं करायची आणि तपशील आपण नोंदवायचे, हा रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यातला जुना गुण. मेहुण्याचं माहेरही त्याच परंपरेतलं (पुरुषाला माहेर नसतं हे मला माहीत आहे, पण आमच्या मेहुण्याला आहे. तो तिथून हललेलाच नाही). दोघांनी मिळून संशोधन सुरू केलं.

पाऊण तासाची गंमत अशी. मार्था फोगेली नावाच्या एक स्विस डॉक्टरीणबाई होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या भारतात राहून काम करत होत्या. निसर्गानं पुरुषाचा तो कारखाना शरीराबाहेर टांगला आहे, कारण आतली ऊब त्याला सोसत नाही. दोन-तीन अंश कमी असले तरच माल तयार होतो. बाईंनी उलटा विचार केला. कारखाना तापवला तर? त्यांनी काही स्वयंसेवकांना 116 अंश फॅरेनहाइट पाण्यात रोज पाऊण तास बसवलं, तीन आठवडे. पुढचे सहा महिने उत्पादन बंद, असा त्यांचा निष्कर्ष होता. 116 फॅरेनहाइट म्हणजे जवळपास 47 सेल्सिअस. हा आकडा वाचून परदेशातला माणूस थर्मामीटर शोधायला जाईल. रायपूरकर नुसता वर टाकीकडे बघतो.

"पण मग," मी म्हणालो, "आपल्याकडे दर उन्हाळ्यानंतर फेब्रुवारीत पाळणे हलायला नकोत."

मेहुण्यापाशी याचंही उत्तर होतं. हवा वेगळी, पाणी वेगळं. हवेत घाम येतो आणि अंग स्वतःला निववून घेतं, पाण्यात ती सोय नाही. मला ते पटलं. पण एकवीस दिवस सलग पाऊण तास न्हाणीघर अडवून बसलेला माणूस आमच्या घरात जिवंत बाहेर आला नसता. न्हाणीघर एकच आहे आणि मुलीची शाळेची बस पावणेसातला येते. त्यामुळे हा प्रयोग बारगळला.

मग सरकी. आमची मावशी यवतमाळची, त्यामुळे सरकी हा विषय घरचाच. चीनमधल्या काही खेड्यांत घाण्यावरचं कच्चं सरकीचं तेल खाणाऱ्या घरांत पाळणेच हलेनात, तेव्हा तिथल्या संशोधकांनी तेलाचा माग काढला. त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य सापडलं. 1970च्या दशकात त्याच्या गोळ्या करून आठ हजारांहून अधिक चिनी पुरुषांना दिल्या. उपाय लागू पडला, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, हातपाय गळाले आणि काहींचा कारखाना पुन्हा कधी सुरूच झाला नाही. शेवटी जगानं तो नाद सोडला. मावशीला फोन करून, विषय न सांगता, "तुमच्याकडे सरकीचं तेल खातात का गं?" असं विचारलं. ती म्हणाली, "आम्ही शुद्ध करून खातो, कच्ची सरकी म्हशीला. काऊन, तुला दूध कमी पडते का?"

फ्रान्समध्ये एका परिचारकानं सिलिकॉनची एक कडी काढली होती. ती घातली की कारखाना जरासा वर, अंगाच्या उबेत सरकून बसतो. दिवसाचे पंधरा तास घालायची. 2021 साली तिथल्या औषध नियंत्रकांनी पुरेसे पुरावे नाहीत म्हणून तिची विक्री थांबवली. मला हायसं वाटलं. पंधरा तास आणि रायपूरचा मे, आणि वर जीन्स.

मेहुण्याचा खरा जीव मात्र खरगपूरवर. आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सुजय गुहा. इंजिनिअर माणूस, पुढे डॉक्टरकीची पदवीही घेतलेली. पाण्याच्या पाइपात आतून लेप देऊन जंतू मारता येतील का, या विचारावरून त्यांना दुसरी नळी सुचली. पुरुषाच्या वीर्यनलिकेत एका पॉलिमरचं इंजेक्शन द्यायचं. नळी बंद होत नाही, पण आतल्या लेपावरून जाणारे शुक्रजंतू निकामी होतात. पुढे विरघळवणारं दुसरं इंजेक्शन दिलं की लेप धुऊन निघावा, असा मूळ बेत. पहिला शोधनिबंध 1979चा. गुहांना पद्मश्री मिळाली 2020 साली. 303 पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला 2023 साली, आणि तो उत्तम आहे. गर्भधारणा रोखण्यात 99 टक्के यश.

"हावडा लाइनवरच आहे," मेहुणा म्हणाला. "संध्याकाळी रायपूरला बसलं की पहाटे खरगपूर."

"आणि औषध?"

"औषध अजून दुकानात नाही."

1979 साली मी आईच्या कडेवर होतो असं म्हणायला आवडलं असतं, पण तेव्हा माझ्या आईचं लग्नही व्हायचं होतं. आता माझ्या मुलीला मिसरूड फुटलेले मित्र आहेत. एका पिढीनं जन्म घेतला, लग्न केलं, नको असलेली मुलंही झाली, आणि खरगपूरची गाडी सिग्नलला उभीच. पुरुषासाठी काही काढायचं तर कुणाला घाई नसते. गाडी भरण्यासारखे प्रवासीच फलाटावर नसतात.

इथे पुरुषांच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. 2016 साली एका बातमीवर जगभर हशा पिकला होता. पुरुषांसाठी हार्मोनच्या इंजेक्शनची चाचणी म्हणे मुरुमं आणि चिडचिड सहन झाली नाही म्हणून थांबली. बायका साठ वर्षं गोळ्या खाऊन तेच सोसताहेत आणि या शूरांना पुटकुळी आली की पळाले! विनोद चांगला आहे, मी स्वतः दोन लग्नांत सांगितला आहे. दुर्दैवानं तो खरा नाही. चाचणी थांबवली ती देखरेख समितीनं, त्या पुरुषांनी नव्हे. दुष्परिणामांत नैराश्यही होतं. आणि भाग घेतलेल्यांपैकी चारांतले तीन जण म्हणत होते, मिळालं तर आम्ही वापरू. म्हणजे पुरुषजात अगदीच वाया गेलेली नाही. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान. यातलं रायपुरात काय मिळतं?"

रायपुरात दोनच गोष्टी मिळत होत्या.

पहिली मेडिकलमध्ये. निरोध 1968 साली आला, 15 पैशांना तीन. सरकारनं तो गावोगाव पोचवण्यासाठी चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या वापरल्या, कारण त्यांच्या गाड्या जिथे जातात तिथे सरकार जात नाही. त्याला आधी 'कामराज' हे नाव सुचवलं होतं. कामदेवाचं राज्य, इतका निर्मळ हेतू. पण काँग्रेसच्या अध्यक्षांचंच नाव कामराज निघालं आणि फाइल लगबगीनं परत फिरली. नाव काहीही असो, विकत घेण्याची पद्धत पन्नास वर्षांत बदललेली नाही. गोलबाजारात मी चार माणसं निघून जायची वाट बघतो. ती जात नाहीत. मग मी क्रोसिन घेतो. आमच्या घरात क्रोसिनचा जेवढा साठा आहे तेवढा प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल. अखेर एकदा मागितलंच, तर दुकानदारानं ते काळ्या पन्नीत घातलं. क्रोसिन पांढऱ्या पन्नीत मिळते, काळ्या पन्नीत काय असतं हे साऱ्या गोलबाजाराला माहीत असतं.

शिवाय पंधरा वर्षांच्या संसारात 'आज नेमकं संपलं' हे वाक्य ज्या ज्या वेळी उच्चारलं गेलं, त्यातलं एक वाक्य सध्या सहावीत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेशन. शब्द उच्चारला आणि आई देवघरातून बाहेर आली.

'नसबंदी' हा शब्द माझ्या आईच्या पिढीनं आणीबाणीत ऐकला, आणि तो तिथेच गोठला. 1976 या एका वर्षात या देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांची शस्त्रक्रिया झाली. शिक्षकांना कोटा, पटवाऱ्यांना कोटा, माणसं उसात लपलेली. आपला महाराष्ट्र त्यात मागे राहता तर नवल. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळानं तेव्हा मंजूरच केलं होतं. ते कायदा होण्याआधी आणीबाणी संपली, म्हणून वाचलो. त्याच्या पाचच वर्षं आधी, 1971च्या जुलैत, केरळातल्या एर्नाकुलमला महिनाभराच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुष रांगा लावून आले होते. पैसे आणि भेटवस्तू मिळत होत्या हे खरं, पण आले होते आपल्या पायांनी. पुढे सक्ती झाली, सरकार पडलं आणि राजकारण्यांनी धडा घेतला, की पुरुषाच्या वाटेला जायचं नाही. कार्यक्रम तसाच राहिला, फक्त टेबलावरचं माणूस बदललं.

किती बदललं, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत आहे. हजार जोडप्यांत बायकांची शस्त्रक्रिया झालेली 379. नवऱ्यांची 3. दोन आकड्यांच्या मध्ये टिंब राहून गेलं असावं म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्याच पाहणीत शंभरातल्या पस्तीस पुरुषांनी सांगितलं, की हे बायकांचं काम, पुरुषानं त्यात डोकं घालू नये. उरलेल्या पासष्टांचं काय? त्यांना तसं वाटत नाही. ते बघताहेत.

छत्तीसगडात हे जास्त बोचतं. या राज्यानं 2002च्या सुमारास वस्तीवस्तीत मितानिन या आरोग्यसेविका नेमल्या. देशात 'आशा' आल्या त्याच्याही आधी. मितान म्हणजे इथे नुसता मित्र नव्हे, तर फुलं-प्रसाद देऊन जन्मासाठी जोडलेलं नातं. त्याचं स्त्रीरूप मितानिन. मागच्या बस्तीतली मितानिन पोलिओच्या निमित्तानं आमच्याही दाराशी येते. दार मी उघडलं तर माझ्या खांद्यावरून आत बघत विचारते, "भउजी घर मा हे का?" मी घर मा असून नसल्यासारखा. तिचीही चूक नाही. एवढ्या वर्षांत पुरुषानं तिच्याशी या विषयावर बोलल्याचं तिला आठवत नसणार.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई तखतपूरकडच्या. घरातली ही चर्चा कानावर पडली आणि त्या भांडी घासता घासता थांबल्या. 8 नोव्हेंबर 2014. बिलासपूरजवळ पेंडारीला, बंद पडलेल्या एका इस्पितळाच्या इमारतीत बायकांच्या नसबंदीचं शिबिर होतं. काही तासांत 83 बायका. निदान तेरा जणी मेल्या. तिथे दिलेल्या गोळ्यांचं काय झालं, हत्यारांचं काय झालं, यावर चौकश्या झाल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. बाईंना यातलं काही सांगायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, आमच्या गावच्या एकीला तिथे सकाळी न्यायचं होतं, नवरा वेळेवर गाडी घेऊन आला नाही म्हणून ती वाचली. मग नळ सोडून त्यांनी पुन्हा भांडी घासायला घेतली.

त्या रात्री मेहुण्यानं काही वाचून दाखवलं नाही.

आईचा विरोध होताच. "घरातला कर्ता पुरुष. काही झालं म्हणजे?" घरातली कर्ती बाई बँकेत असून तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे आईला माहीत आहे, पण ते तिनं पासबुकात ठेवलेलं आहे, मनात नाही. "बायकांना सवय असते," ती म्हणाली. पोट उघडण्याची सवय कुणाला असते, असं मी विचारलं नाही, कारण तेवढा शूर मी अजून झालो नव्हतो. मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, पुढे 'समाजस्वास्थ्य' काढून सव्वीस वर्षं एकट्यानं किल्ला लढवला. शंभर वर्षांनंतर मी तात्यापाऱ्यात आईशी बोलायला घाबरत होतो.

पाऊस लागल्यावर गेलो. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "मरीज कहाँ है?"

"मैं."

"मिसेस को लाए हैं न?"

"लाया हूँ. वो बाहर बैठी हैं."

"तो उनको बुलाइए."

हे थोडा वेळ चाललं. शेवटी त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून उभा राहिला. आदरानं की खुर्ची सरकवायला, ते कळलं नाही. नोंदवहीत एक रकाना रुग्णाचं नाव, दुसरा पतीचं नाव. त्यानं सवयीनं माझं नाव पतीच्या रकान्यात लिहिलं आणि रुग्णाचा रकाना मोकळा राहिला. इतकी वर्षं मी या विषयात असाच होतो. दुसऱ्या रकान्यात, सहीपुरता.

बाकावर सगळ्या बायका. त्यांच्या सासवा. एका म्हातारीनं विचारलं, "का होगे बेटा?" मी सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या कंबरेत कोपर मारून म्हणाली, "देख." मुलाला लगेच फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

आता ऑपरेशनचं सांगायचं, तर सांगण्यासारखं फार नाही, आणि त्याचा मला थोडा अपमानच वाटला. एक सुई. मग बोथट चिमट्यानं पाडलेलं एक इवलं छिद्र, टाकेसुद्धा नाहीत. ही बिनटाक्याची रीत 1974 साली चीनमधल्या ली शुनचियांग यांनी काढली. डॉक्टरांनी मुलं कितवीत आहेत ते विचारलं, धाकटीच्या गणिताबद्दल मी तक्रार केली, तिच्या अपूर्णांकांपर्यंत आलो तोवर ते हातमोजे काढत होते. छतावरच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, एवढीच आठवण. दोन-तीन दिवस जड उचलू नका, तीन महिन्यांनी तपासणी करा, तोवर जुनी काळी पन्नी चालू ठेवा. नळी बांधली तरी पुढच्या साठ्यात माल शिल्लक असतो.

सरकार याचे पैसे देतं, आणि बाईला देतं त्यापेक्षा पुरुषाला जास्त. बायकोनं कागद दोनदा वाचला. "पंधरा मिनिटांना जास्त, आणि पोट उघडलं तर कमी?" मी म्हणालो, प्रोत्साहन आहे. "हो ना," ती म्हणाली, "आम्हाला प्रोत्साहन लागतच नाही." पैशांचा मिक्सर आला.

घरी आलो तर आईनं निर्णय घेतला होता. मला हर्निया झाला होता. दुपारपर्यंत हर्निया ब्राह्मणपाऱ्यात पोचला, संध्याकाळी चौबे कॉलनीतून इथल्या मराठी मंडळाचे दोन ज्येष्ठ सभासद मोसंबी घेऊन आले. दोघांनीही आपापल्या हर्नियाचा इतिहास सांगितला. एकाचा 1988 सालचा होता. तो सांगताना त्यांच्या पत्नी पदराआड इतक्या हसत होत्या, की मला त्या हर्नियाबद्दल शंका आली. जाताना त्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सायकल आठ दिवस नको," ते हळूच म्हणाले. "बाकी काही होत नाही."

तेव्हा मला कळलं, की हजारात तीन हा आकडाही थोडा कमीच धरला असावा. आमच्या समाजात हर्नियाचं प्रमाण एकूण बरंच आहे.

रात्री सगळे गेल्यावर मेहुणा आला. शहाळं घेऊन. खुर्ची पलंगाजवळ ओढली, दाराकडे बघितलं, मोबाइल उलटा ठेवला. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"भाऊजी, खरं सांगा. दुखलं का?"

"सुई टोचते तेवढं."

"आणि नंतर?"

"नंतर अपूर्णांक."

त्यानं ते कळल्यासारखी मान हलवली. "खरगपूरचं काही नवीन?" मी विचारलं.

"नाही." थोडा वेळ गेला. "तो पुरुष नसबंदी पखवाडा असतो ना, तो कधी असतो म्हणे?"

"21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर."

"अरेरे," तो मनापासून म्हणाला. "नोव्हेंबरात आमच्याकडे नेमकं ऑडिट असतं."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "तीस तारखेला संपतं. वहिनीनं सांगितलंय मला."